हँडल गेलं, थंडी आहे तिथंच आहे

निफाडच्या थंडीचे आकडे दर हिवाळ्यात पेपरात येतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या आसपास आला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. आमच्या घरी मात्र पहिला प्रश्न असायचा, आज गाडी चालू होईल का? वडिलांचं डायलिसिस नाशिकला, सकाळी सातला. चार खेपा गाडी निमूट चालू व्हायची, पाचव्या वेळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक.

गॅरेजला नेली की दुपारच्या उन्हात एका झटक्यात चालू. बॅटरी बदलली. मग सेल्फ बदलला. दुखणं तसंच.

त्या वैतागात मी गाडी चालू करण्याचा इतिहास वाचत बसलो.

सुरुवातीच्या मोटारींना हँडल होतं. इंजिन हातानं फिरवायचं, आणि उलटा झटका बसला तर मनगटच मोडायचं. यावर 1911 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं तोड काढली. तो आधी कॅश रजिस्टरच्या कारखान्यात होता, तिथं त्यानं गल्ल्याला विजेची मोटर बसवली होती. त्याला कळलं होतं की मोटरला दिवसभर राबायचं नाही, काही सेकंदच जोर लावायचाय, म्हणजे लहान मोटरनंही भागेल. 1912 च्या कॅडिलॅकला सेल्फ आला. आपल्याकडे जुन्या जीपला मात्र हँडलची सोय पुढं कित्येक वर्षं होती.

हँडल गेलं ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर एक गोष्ट गेली. थंडीत ऑइल घट्ट झालंय, इंजिन जड फिरतंय, हे हँडल मारणाऱ्याच्या हाताला आधी कळायचं. आता तो सगळा भार बॅटरी आणि केबलींवर पडतो, आणि आपल्याला काहीच जाणवत नाही. म्हणून आता कानानं ऐकायचं आणि मीटरनं मोजायचं.

सेल्फ मारताना दिवे मंदावले आणि टक-टक आलं, तर करंट पुरत नाही. दिवे लख्ख आणि एकदाच 'टक', तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड बघा. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका; डिझेल गाडी असेल तर हीटर प्लग तपासा, पेट्रोल असेल तर स्पार्क आणि इंधन.

आमचे दिवे मंदावत होते. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमननं गाडी रात्रभर अंगणातच ठेवायला सांगितली आणि पहाटे मीटर घेऊन आला. उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत मोजलं. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवं, आमच्याकडं दीडच्या वर. अर्थिंगची पट्टी आतून गंजली होती. उन्हात इंजिन हलकं फिरायचं, कमी करंटवर भागायचं. पहाटे जास्त लागायचा, तो पट्टीतून जाईना. स्वस्तातली पट्टी होती. तोवर आमचे हजारो रुपये गेले होते, आणि डायलिसिसची एक खेपही हुकली होती.

गॅरेजवाल्यानं फसवलं असं मी म्हणत नाही. त्यानं दुखणं असताना गाडी बघितलीच नाही, एवढंच.

आणि एक. बॅटरी मरते एप्रिल-मेच्या उन्हात, पण कळतं डिसेंबरात. त्यामुळे सदस्य मंडळींना विनंती आहे : गावात जी रुग्णवाहिका रात्रभर उघड्यावर उभी असते, तिची बॅटरी आणि अर्थिंग दिवाळीच्या आधी मोजून घ्या. आणि मोजायचं ते पहाटे पाचला, इंजिन गार असताना. दुपारी सगळ्याच गाड्या चालू होतात.