बाल लैंगिक अत्याचार : जोखमीचे घटक

अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार होण्याची शक्यता ज्या परिस्थितीमुळे वाढते, तिला जोखमीचे घटक म्हणतात. घटक म्हणजे कारण नव्हे. कारण एकच, अत्याचार करणारा. हा भेद पुसला की दोष अलगद लेकराच्या पदरात पडतो. त्यामुळे हे घटक मुलाच्या स्वभावात किंवा कपड्यांत नव्हे, तर भोवतालच्या मोठ्या माणसांच्या व्यवहारात शोधावे लागतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 13 राज्यांतील 12,447 मुलांना विचारले गेले. 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, भरवशाचे होते. ‘मुलीला जपा, अनोळखी माणसापासून सांभाळा’ हा घरोघरचा उपदेश मुलग्यांना विसरतो आणि घरातल्या धोक्याकडे पाठ करून उभा राहतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर यांनी 1984 मध्ये अत्याचाराआधीच्या चार अटी मांडल्या : करणाऱ्याची इच्छा, त्याच्या मनाचा सुटलेला लगाम, बाहेरच्या राखणीतली फट आणि मुलाचा मोडलेला प्रतिकार. गावाच्या हाती असते ती मुख्यतः तिसरी. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारसारख्या बाजारगावात सोयाबीनची सोंगणी आली की आईबाप सकाळीच शेतात जातात. लेकरू शेजारी, नातलग, शिकवणीचे सर किंवा ऑटोवाला यांच्या हवाली होते. त्यात गैर काही नाही, एरवी संसारच चालणार नाही. फट पडते ती त्या माणसाला विचारणारे कोणी नसते तेव्हा. काल हसत जाणारे पोरगे आज ‘त्या घरी नाही जायचं’ म्हणून दाराची चौकट धरून बसते, आणि हट्टी ठरवून त्याला ओढत नेले जाते.

अशी विचारणा केली तर नात्यांत संशय शिरेल, हा आक्षेप नेहमी येतो. पण बंद दाराआड शिकवणी नको, मुलाला गुपित ठेवायला सांगू नये, त्याला नको असेल तर पापी घेऊ नये, हे नियम सगळ्यांना सारखे लावले तर बोट कोणा एकाकडे जात नाही. दुसरा आक्षेप असा, की हे सारे गरिबीमुळे होते. गरिबीने राखण विरळ होते, हे खरे. परंतु ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात दोन लहान मुलींवरील अत्याचाराचा आरोप झाला तो शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्यावर, आणि गुन्हा नोंदवायला झालेल्या दिरंगाईने लोक रेल्वेरुळांवर उतरले. फी भरलेल्या शाळेतही राखण आपोआप होत नाही.

14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेल्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार अशी घटना माहीत असून न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाने केलेली अशी घटना लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098 आहे. न कळवल्याची शिक्षा मुलाला लागू होत नाही.