मोडीतली मोटार : सातारा-सांगलीकडील एका कारागिरीचा इतिहास



इतिहास म्हटला की सातारकराच्या डोळ्यांपुढे अजिंक्यतारा उभा राहतो आणि सांगलीकराच्या डोळ्यांपुढे गणेशदुर्ग. वसंत ऋतूतल्या या व्याख्यानांत आपण राज्ये, लढाया, तह, संतांचे अभंग यांविषयी पुष्कळ ऐकत आलो. आजचा विषय त्या मानाने फारच तेलकट आहे. मोडीत निघालेली जुनी मोटार घराच्या अंगणात आणून ती पुन्हा चालती करणे, किंवा निरनिराळ्या गाड्यांचे अवयव जमवून आपल्या मनाजोगती एक नवीच गाडी उभी करणे, हा तो विषय. याला इतिहास तो काय असणार, असे कोणी म्हणेल. मला वाटते, इतिहास आहे, आणि तो आपल्याच दोन जिल्ह्यांत बराचसा घडलेला आहे.

प्रथम परदेशाचे थोडक्यात सांगून टाकतो, कारण हा छंद नावारूपाला आला तो अमेरिकेत. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘टी’ नमुन्याची मोटार काढली व १९२७ पर्यंत दीड कोटींच्या वर गाड्या केल्या. एवढ्या गाड्या निघाल्यावर त्यांतल्या लक्षावधी मोडीतही निघणारच. कॅलिफोर्नियातल्या तरुणांना त्या कवडीमोलाने मिळू लागल्या. त्यांनी मडगार्ड काढले, टप काढला, वजन उतरवले आणि यंत्राची ताकद वाढवली. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे स्वस्त यंत्र बाजारात आणले, तेव्हा जुन्या हलक्या सांगाड्यावर हे नवे यंत्र बसवण्याची चाल पडली. लॉस एंजेलिसपलीकडच्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत या गाड्या वेगाने पळवीत. १९३७ साली त्यांची एक रीतसर संघटना झाली, आणि महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, त्यांचे स्वतंत्र मासिकही निघाले. अशा गाडीला ते ‘हॉट रॉड’ म्हणतात. तिचे मर्म असे की, कारखान्याने दिलेली वस्तू हा शेवट न मानता ती सुरुवात मानावयाची.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे मोटारी थोड्या, पेट्रोल महाग, आणि मोडीत काढण्याजोगी गाडी मिळणेही दुर्मिळ. तेव्हा वेगाच्या हौसेने हा उद्योग येथे वाढला नाही. तो वाढला तो लोहाराच्या भात्यापासून. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच पटेल. सुताराने तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून लाकडी चाक केलेले असते; त्यावर लोखंडी पट्टीचे कडे, म्हणजे धाव, बसवावयाची. लोहार ती धाव चाकाच्या घेरापेक्षा हेतुतः किंचित लहान करतो. मग शेण्यांच्या गोल आगटीत ती लाल होईपर्यंत तापवतात. लोखंड फुगते, तिघेचौघे ती पकडींनी उचलून चाकावर उतरवतात, लाकडातून धूर निघतो, आणि लागलीच वरून पाण्याच्या घागरी ओततात. धाव आक्रसते आणि सारे सांधे कडकडून आवळले जातात. मोटारीच्या जड फिरत्या चकतीवर दात्यांचे कडे बसवतात तेही नेमक्या याच रीतीने, तापवून! खेड्यातला लोहार पुढे मोटारीला हात लावू लागला तो काही अडाणीपणाचे धाडस म्हणून नव्हे. धातूचा स्वभाव त्याला आधीच ठाऊक होता. पुस्तक नव्हते, एवढेच.

या ज्ञानाला कारखान्याचे रूप दिले ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. बेळगावात १८८८ साली त्यांनी सायकलींचे दुकान काढले, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या यंत्रोद्योगाचा आरंभ विक्री आणि दुरुस्ती यांतून झाला आहे. पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपता खपेनात. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ, बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तोफेचा नांगर झाला! मोडीचे याहून चांगले सार्थक मला तरी ठाऊक नाही.

तिकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ च्या सुमारास शेतीची अवजारे करण्याचा कारखाना काढला. हेच गृहस्थ १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिन घडवले आणि देशात अशा इंजिनांचा पाया घातला. पुढे हा कारखाना वालचंद हिराचंद यांच्याकडे गेला. वालचंदांनी क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याला मोटारीही जुळवल्या. १९४७ साली तेथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्याच वर्षी सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि १९५५ पासून ते वालचंदांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे पाहा, वारणा-कृष्णेच्या या पट्ट्यात पन्नास वर्षांच्या आत नांगर, पंप, इंजिन आणि इंजिनिअर इतके सारे तयार होऊ लागले. कारखान्यातून सुट्टीला घरी आलेला फिटर गावात नुसता बसत नाही. शेजाऱ्याचा पंप उघडतो, त्याच्या हाताखाली दोन पोरे पाने-पकडी देऊ लागतात, आणि ती पोरे पुढे स्वतःचे गॅरेज काढतात. या परंपरेची नोंद कोणत्याही गॅझेटियरात सापडावयाची नाही.

दुसऱ्या महायुद्धात तर सरकारी टंचाईनेच लोकांना गाड्यांत फेरफार करावयास शिकवले. पेट्रोलला रेशन लागले, तेव्हा सर्व्हिस मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या गॅसचे नळकांडे बसवण्यात आले. लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू निघतो. तो गाळून, थंड करून यंत्राला द्यावयाचा. गाडी चाले खरी, पण तिची ताकद बरीच कमी होई, आणि खंबाटकीसारख्या घाटात तिची दमछाक होई. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा लिलावात निघाल्या. १९४७ पासून महिंद्र कंपनी मुंबईत जीपा जुळवू लागली. जीप ही खेड्यातल्या कारागिराला परमेश्वराने पाठवलेली शाळाच म्हणावयाची. सगळे अवयव उघडे, पत्रा सपाट, बोल्ट हाताला लागणारे. तिला लांब करा, आखूड करा, मागे बाके टाका. आपल्याकडची वडापची गाडी, जिच्यात बसल्यावर शेजाऱ्याच्या मांडीवर आपली पिशवी ठेवावी लागते, ती या शाळेतलीच विद्यार्थिनी आहे.

या पार्श्वभूमीवर देवराष्ट्रे येथील गोष्ट पाहिली पाहिजे. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. १९१३ साली ते जन्मले तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात मोडे. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. किर्लोस्करवाडी येथून जवळच. या गावातल्या लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी मोडीतल्या सामानातून एक छोटी चारचाकी बनवली. दुचाकीचे यंत्र, रिक्षाची चाके, जीपच्या घाटाचे बॉनेट. खर्च सुमारे साठ हजार रुपये. मुलाची गाडीची हौस होती आणि नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, एवढे साधे कारण. गाडी सुरू करावयाची ती दुचाकीसारखी लाथ मारून. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र फिरली आणि उद्योगपती आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आली. त्यांनी त्या कारागिराचे कौतुक केले, त्याबरोबर असेही म्हटले की नियमांत बसत नसल्याने अधिकारी ही गाडी आज ना उद्या थांबवतीलच. तेव्हा तिच्या बदल्यात मी नवी बोलेरो देतो, आणि ही गाडी आमच्या संशोधन केंद्रातील संग्रहात ठेवतो. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाने बोलेरो स्वीकारली.

थोड्याच काळात जत येथून दुसरी बातमी आली. तेथील एका गॅरेजवाल्या कारागिराने दुचाकीचेच यंत्र वापरून १९३० च्या फोर्डच्या धर्तीची छोटी मोटार केली, सुमारे तीस हजार रुपयांत. अमेरिकेतल्या तरुणांनी ज्या घाटाच्या गाडीला हात घातला, त्याच घाटाची ही गाडी. फरक असा की त्यांच्यापुढे जुना फोर्ड मोडीत पडलेला होता. जतच्या माणसाला तो मुळातून घडवावा लागला.

हे काम किती अवघड आहे याची कल्पना यावी म्हणून चार गोष्टी सांगतो. टी फोर्डचे यंत्र २.९ लिटरचे, आणि त्याची ताकद वीस अश्वशक्ती. पण ती मिनिटाला सोळाशे फेऱ्यांवरच मिळे. आपल्या शंभर सीसीच्या दुचाकीचे यंत्र सात-आठ अश्वशक्ती देते, पण त्यासाठी त्याला आठ हजारांच्या आसपास फेऱ्या घ्याव्या लागतात. तेव्हा चार माणसांची गाडी ओढावयाची तर गिअरचे प्रमाण पुन्हा बसवणे आले. दुचाकीला मागे जाण्याचा गिअर नसतो; तो रिक्षाच्या पेटीतून आणावा लागतो किंवा खाली उतरून गाडी ढकलावी लागते. दुचाकीचे यंत्र वाऱ्याने थंड होते. बॉनेटखाली वारा कोठला? पंखा पाहिजे. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक अंतर कापते, म्हणून दोन्ही मागची चाके एकाच सळईला जखडली तर टायर घासतात आणि गाडी वळणावर अडते. आणि सर्वांत जोखमीचा भाग सुकाणूचा. तेथला एक सांधा कच्चा झाळला गेला तर बाकीची सारी कारागिरी व्यर्थ. कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींना तयार सुटे भाग विकणारी दुकाने होती. आमच्या माणसापुढे भंगारवाल्याचा ढीग असतो आणि त्यातून काय निघेल त्यावर गाडीचा आराखडा ठरतो. हा उलटा क्रम मला स्वतःला फार कुशलतेचा वाटतो.

आता कायद्याचे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाने, निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. नव्या नमुन्याची गाडी रस्त्यावर आणावयाची तर मान्यताप्राप्त संस्थेकडून तिची तपासणी व्हावी लागते. अशी एक मोठी संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. परंतु तेथल्या कसोट्या हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आहेत. साठ हजारांची एकुलती एक गाडी तेथे घेऊन जाणे म्हणजे पाटावरच्या मुलाने पदवीच्या परीक्षेला बसणे होय. जुन्या गाड्यांसाठी सरकारने जुलै २०२१ मध्ये निराळे नियम केले: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि ती प्रदर्शन, मिरवणूक, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. मात्र तिचा सांगाडा, सांटा आणि यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे.

ही अट चांगलीच आहे. देवळाचा जीर्णोद्धार करताना मूळ शिल्प फोडून त्यावर संगमरवरी फरशा बसवणारे पंच आपण पाहिले आहेत. जुन्या मोटारीचेही तसे होऊ नये. पण याचा परिणाम असा झाला की, ज्याच्या घरी संस्थानी काळातली गाडी होती त्याचा छंद कायद्यात बसला, आणि ज्याच्या घरी फक्त ऐरण होती त्याचा बसला नाही. देवराष्ट्र्याच्या गाडीला मोठ्या मनाचा गिऱ्हाईक भेटला म्हणून ती संग्रहात गेली. औदार्यच ते, त्याला मी नावे ठेवीत नाही. तरी प्रत्येक तालुक्यातल्या लोहारामागे एकेक उद्योगपती उभा राहणार आहे काय? आणि संग्रहात गेलेली गाडी दारातून शेतापर्यंत जात नाही, ज्यासाठी ती केली होती.

रस्त्यावरच्या इतर माणसांच्या जिवाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि ‘आपला माणूस’ म्हणून तो झाकू नये. कच्च्या ब्रेकची गाडी बाजाराच्या दिवशी विट्याच्या किंवा कराडच्या रस्त्यावर आली तर कौतुकाचे रूपांतर पंचनाम्यात व्हावयास वेळ लागत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत घरी बांधलेल्या गाडीसाठी नोंदणीचा निराळा वर्ग आहे. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला परवाना देतात. आपल्याकडे तसे करावयाचे तर परिवहन कार्यालयातला एक निरीक्षक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातला एक अध्यापक इतके पुरे आहेत. त्यांनी अर्धा दिवस त्या गाडीखाली शिरून सुकाणूचे आणि आखाचे सांधे तपासावेत, भरल्या गाडीचा ब्रेक उतारावर धरतो की नाही ते पाहावे, दिवे आणि भोंगा पाहावा, वेगाची मर्यादा ठरवून द्यावी, आणि महामार्ग वगळून तालुक्यापुरता परवाना लिहून द्यावा. सांगलीत असे महाविद्यालय आहे, साताऱ्यात आणि सांगलीत परिवहन कार्यालये आहेत. त्यांच्या अंगणात अशी पहिली गाडी तपासणीसाठी उभी राहील त्या दिवशी ती पाहावयास मी जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे, कारण तेल उडते.