कर्ण्यामागचा आवाज

मुंबईत भेंडीबाजाराजवळ मटण स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. चोरबाजार म्हणून जगाला ठाऊक असलेला बाजार तो हाच. तिथल्या दुकानात डोकावलं, की आधी नजरेत भरतो तो लखलखीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. हौशी मंडळी घासाघीस करून तो घरी नेतात. मी मात्र या बाजारात हिंडतो तो त्या कर्ण्याकडे पाठ फिरवून. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

एमिल बर्लिनर यानं सपाट तबकडीचा शोध लावला १८८७ साली. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आला आणि गौहरजानचं गाणं त्यानं मुद्रित केलं. त्या मुद्रणावरून तबकड्या तयार होत जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात. तिथल्या तंत्रज्ञांना गाणारं कोण हे कळावं, म्हणून गाणं संपताच कलावंत स्वतःचं नाव पुकारत. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच निघू लागल्या. त्या बनत लाखेपासून, आणि लाख तर आपल्याच छोटा नागपूरच्या जंगलातली! एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा.

नाट्यसंगीताचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच गेले. त्यांचा आवाज आपण कधीच ऐकू शकणार नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांचीही ध्वनिमुद्रिका नाही. ज्यांचं गाणं मुद्रित झालं, त्यांच्याही कितीतरी ध्वनिमुद्रणांच्या मूळ धातूच्या प्रती टिकल्या नाहीत. उरल्या त्या घरोघरच्या तबकड्या. एखाद्या गाण्याची शेवटची प्रत कुठल्या माळ्यावर पडली असेल, सांगता येत नाही.

आता पुन्हा बाजारात येऊ. आज विकले जाणारे कर्ण्याचे बहुतेक ग्रामोफोन जुळवलेले असतात. कर्णा नवा, पेटी नवी, आत चावीचं यंत्र तेवढं जुनं. ते येतं बहुधा पेटीसारख्या बंद होणाऱ्या, हातात नेता येणाऱ्या ग्रामोफोनमधून. १९३१ पासून निघालेलं एचएमव्हीचं १०२ हे त्यातलं नावाजलेलं मॉडेल. म्हणजे शोभेची वस्तू उभी करण्यासाठी कुठंतरी एक अस्सल यंत्र मोडलं जातं. पेटीचं पॉलिश ताजं, कुत्र्याचं चित्र फिकट छापलेलं आणि कर्ण्याचा सांधा ढिला दिसला, की समजावं.

बरं, यंत्र अस्सल असलं तरी दुर्मिळ तबकडी त्यावर लावू नये. पोलादी सुई आणि साउंडबॉक्सचं वजन यांनी खाचा झिजतात. सुई दर बाजूला बदलावी, हा नियम होताच. तो किती घरांत पाळला गेला असेल?

मग मी शोधतो काय? १९५०-६० च्या दशकांतला, चार वेगांचा विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर. दिसायला अगदी सामान्य, रंग उडालेला, म्हणून कोपऱ्यात पडलेला. त्याच्या हाताखाली उलटवता येणारी सुई असते. एक बाजू एल.पी.साठी, दुसरी ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी. जुन्या तबकडीची खाच रुंद, एल.पी.ची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि खरखरच जास्त ऐकू येते. घेण्याआधी तबकडीचं चक्र हातानं फिरवून पाहावं, रबरी चाक कडक झालंय का ते बघावं आणि ७८ चा वेग चालतो ना, याची खात्री करावी. बाकी दुरुस्ती होते.

मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. अशा संग्राहकांनी विस्मरणात गेलेले अनेक आवाज नव्या माध्यमांवर उतरवून ठेवले. ते शक्य झालं, कारण कुणीतरी तबकडी जपली आणि कुणीतरी ती नीट वाजवणारं यंत्र.

म्हणून एकच विनंती. घर आवरताना आजोबांच्या तबकड्यांचा गठ्ठा निघाला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यावरची नावं एकदा वाचा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि जाणकाराला दाखवा. पितळेचा कर्णा कारागीर उद्याही घडवील. फुटलेल्या तबकडीतला आवाज मात्र कुणालाच पुन्हा घडवता येणार नाही.