कट्ट्यावरचे प्रशिक्षक : आपली सोसायटी आणि मुंबईच्या फुटबॉलची पंचवीस वर्षं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास येणारच. नोंदणी कधी झाली, कन्व्हेयन्सला किती वर्षं लागली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोणत्या कमिटीच्या काळात झालं, हे सगळं इतर लेखांत आहे. माझ्या वाट्याला स्मरणिका समितीनं वेगळा विषय दिला : गेटजवळच्या कट्ट्यावर पंचवीस वर्षं चाललेला फुटबॉलचा वाद. या सभेचं इतिवृत्त कोणी लिहिलेलं नाही, कोरम कधी कमी पडलेला नाही, आणि एकही ठराव आजवर एकमतानं मंजूर झालेला नाही.

नवीन राहायला आलेल्यांसाठी थोडा खुलासा. या कट्ट्यावर तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष खेळाडूंचा. त्यांचं म्हणणं, अकरा जण चांगले असतील तर प्रशिक्षक कोणीही चालतो. दुसरा प्रशिक्षकाचा : डावपेच चुकले की चांगले खेळाडूही पायात पाय घालून पडतात. तिसरा पक्ष छोटा, पण चिवट. संघ हरो वा जिंको, त्यांचा प्रश्न एकच : "मालकाच्या मनात काय आहे?" गेल्या पंचवीस वर्षांत प्रत्येक पक्षाला एकदा तरी "बघ, मी सांगत होतो" म्हणायची संधी मिळाली. ती कशी, ते सांगतो.

कूपरेजची शिदोरी

आपली सोसायटी २००० साली उभी राहिली, आणि त्याच सुमारास मुंबईची एक जुनी गोष्ट संपली. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा २०००-०१च्या मोसमानंतर बंद पडली. बी विंगमधल्या काकांनी ही स्पर्धा कूपरेजवर अनेक वर्षं पाहिली होती. जे त्यांनी पाहिलं नव्हतं तेही त्यांना पाठ होतं. सुरुवातीला हा कप गोऱ्या पलटणींचाच; १९३७ साली बँगलोर मुस्लिम्सनं तो पहिल्यांदा भारतीय संघाच्या नावावर केला; हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. १९०२ पासूनच्या हार्वुड लीगबद्दलही ते असंच बोलायचे.

त्या काळी मुंबईत क्लब म्हणजे बहुतेक वेळा नोकरी. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, महिंद्र. काका म्हणायचे, "पोरगा सकाळी मस्टरवर सही करायचा आणि दुपारी सरावाला जायचा. फॉर्म गेला तरी पगार चालू." यात खेळाडूची सोय होती. पण संघ कंपनीचा होता, वस्तीचा नव्हता. कंपनीनं हिशेब बदलला की संघ गेला. हे वाक्य तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

महिंद्र युनायटेड : पहिला पक्ष जिंकला, तिसराही

आपण राहायला आलो त्याच वर्षी, २००० साली, महिंद्रच्या जुन्या संघाचं नाव महिंद्र युनायटेड झालं. संघ १९६२ पासूनचा, नाव नवं. २००१ला ड्युरँड, २००३ आणि २००५ला फेडरेशन कप, आणि २००५-०६ला डेरिक परेरा या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली राष्ट्रीय फुटबॉल लीग. मुंबईच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबला ती लीग कधी जिंकता आली नाही.

त्या मोसमात ब्राझीलचा जोस रामिरेझ बारेटो आणि घानाचा युसुफ याकुबू एकाच संघात होते. खेळाडू पक्षाला दुसरं काय हवं? मागे सांभाळून खेळायचं, पुढे या दोघांवर सोडायचं, हा कट्ट्यावरचा डावपेच. विजेतेपदानंतर बारेटो मोहन बागानला परत गेला आणि आपल्याकडे पहिला मोठा वाद पेटला. "विजेत्या संघातला असा माणूस सोडतात का?" विरुद्ध "त्याचं मन कोलकात्यातच होतं, धरून काय करणार?" पाण्याचा टँकर येईपर्यंत चालणारे हे वाद त्या वर्षी टँकर रिकामा होऊन गेल्यावरही चालले.

२००७ला हा संघ एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला. २००८ला पुन्हा ड्युरँड आणि आयएफए शील्ड. आणि २०१० साली कंपनीनं संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोसम संपला, संघ संपला. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचं, असं धोरण ठरलं होतं. ते धोरण वाईट होतं असं कोणी म्हणणार नाही. पण कट्ट्यावर त्या संध्याकाळी जो प्रश्न आला त्याला उत्तर नव्हतं. बचाव कच्चा, मधली फळी संथ, बदली खेळाडू उशिरा, अशी आपण दहा वर्षं चर्चा केली. आणि क्लब संपला तो यांपैकी कशामुळेच नाही. मैदानात दिसणारी एकही चूक त्याला कारण नव्हती.

मुंबई एफसी : दुसऱ्या पक्षाचं वर्ष

२००७ साली मुंबई एफसी निघाला होता. दुसऱ्या श्रेणीतून २००८ला वर चढला. पैसा बेताचा, मोठी नावं कमी. कूपरेजवर कृत्रिम गवताचं काम चाललं तेव्हा 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला. पूर्वी महिंद्रकडून खेळलेला खालिद जमील २००९ पासून प्रशिक्षक झाला. त्याचा खेळ ठरलेला : जागा सोडायची नाही, दोन ओळी जवळजवळ ठेवायच्या, चेंडू मिळाला की थेट पुढे. दर वर्षी संघ खाली घसरण्यापासून वाचायचा, आणि दर वर्षी कट्ट्यावर तोच वाद. तरुण मंडळी म्हणायची, "काका, हा काय फुटबॉल आहे? नुसतं दार लावून बसायचं." काका म्हणायचे, "घरात चोरण्यासारखं काही नसलं तरी दार लावावंच लागतं रे."

२०१६ला क्लब आणि जमील वेगळे झाले. आता मोकळा खेळ बघायला मिळेल म्हणून कट्ट्यावर बरेच जण खूश होते. पुढच्या मोसमात, २०१६-१७ला, आय-लीगच्या दहा संघांत मुंबई एफसी दहावा आला आणि जमीलचा आयझॉल एफसी पहिला. मिझोरामच्या त्या छोट्या क्लबला आदल्या वर्षी खरं तर खालच्या श्रेणीत ढकललं होतं, मग परत घेतलं होतं. त्याच्या विजेत्या संघात जयेश राणे आणि आशुतोष मेहता होते, दोघेही आधी मुंबई एफसीचेच. त्यानंतर मुंबई एफसी बंद झाला.

दोन खेळाडू आणि एक प्रशिक्षक इथून तिथे गेले, आणि एक क्लब देशात पहिला आला, दुसरा पुसला गेला. सगळं काही त्या तिघांमुळेच झालं असं नाही. पण प्रशिक्षक पक्षाला याहून मोठा पुरावा पुन्हा मिळायचा नाही. हाच खालिद जमील २०२५च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा काकांची आठवण सगळ्यांनाच झाली. ते आता आपल्यात नाहीत.

मुंबई सिटी : रिकाम्या मैदानातला विजय

२०१४ला आयएसएल आली आणि मुंबई सिटी एफसी. पहिला घरचा सामना नवी मुंबईत, पुण्याविरुद्ध ५-० असा विजय, आंद्रे मॉरित्झचे तीन गोल. पुढच्याच वर्षी गोव्यात ०-७ अशी धुलाई. अनेल्का, ल्युंगबर्ग, फोर्लान अशी नावं आली नि गेली. २०१६ पासून सामने अंधेरीच्या क्रीडासंकुलात व्हायला लागले. गोल झाल्याचा गलका आपल्या गच्चीवर टीव्हीच्या आधी पोहोचायचा.

२०१९च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मग २०२०ला एफसी गोवाकडून प्रशिक्षक सर्जियो लोबेरा आला, आणि पाठोपाठ अहमद जाहू, ह्युगो बूमू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई. कट्ट्याला हा खेळ नवीन होता. गोलकीपरपासून लहान लहान पास देत वर यायचं, जाहूनं मागे राहून सगळं चालवायचं. पहिल्याच सामन्यात जाहूला लाल कार्ड, नॉर्थईस्टकडून ०-१ हार. "चेंडू मागे काय देतात सारखा? पुढे गोल आहे!" हा आवाज ए विंगच्या बाल्कनीतून सी विंगपर्यंत गेला. हो, बाल्कनीतूनच. करोनाचे दिवस, कट्ट्याला कमिटीनं दोरी बांधलेली. पुढे जानेवारीत नॉर्थईस्टनंच मुंबईला दुसऱ्यांदा हरवलं, आणि तोवर त्यांचा हंगामी प्रशिक्षक कोण झाला होता? जमीलच.

पण लोबेराचा संघ डगमगला नाही. लीगमध्ये मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण. आपसांतल्या सामन्यांवर शील्ड मुंबईला. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्याला अंतिम सामना, १-१ अशी बरोबरी, आणि ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. सगळा मोसम गोव्यात, प्रेक्षकांविना. मुंबईच्या क्लबचा सर्वांत मोठा दिवस मुंबईतल्या एकाही माणसाला मैदानात बसून बघता आला नाही. खिडक्याखिडक्यांतून थाळ्या वाजल्या. या वेळी त्याला निराळं कारण होतं.

त्यानंतर काय झालं? कर्णधार आणि गोलकीपर अमरिंदर गेला, बूमू गेला, दोघेही एटीके मोहन बागानला. मोसमाच्या तोंडावर लोबेराही गेला. डेस बकिंगहॅम आला. पहिल्या वर्षी पाचवा क्रमांक, दुसऱ्या वर्षी २० सामन्यांत ४६ गुण घेऊन शील्ड. तोही २०२३च्या नोव्हेंबरात गेला. पीटर क्रात्की आला. एप्रिल २०२४ला उपांत्य सामन्यात गोव्यात ९०व्या मिनिटापर्यंत ०-२ असताना छांगतेनं दोन आणि विक्रम प्रतापनं एक असे तीन गोल करून ३-२. ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असं हरवून पुन्हा कप. आणि उन्हाळ्यात पुन्हा पांगापांग : कर्णधार राहुल भेके, परेरा डियाझ आणि नोगेरा बंगळुरूला, अपुइया मोहन बागानला. २९ मार्च २०२५ला त्याच बंगळुरूनं बाद फेरीत ५-० असं घरी पाठवलं.

मत कुणाचं?

२०२५ साली तिसऱ्या पक्षाचा आवाज वाढला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या जुलैमध्ये आयएसएलचा नवा मोसमच स्थगित ठेवला गेला, कारण लीग चालवणारी कंपनी आणि महासंघ यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता. संघनिवड, डावपेच, फॉर्म सगळं बाजूला. सामना होणार का, हाच प्रश्न होता.

सी विंगमधल्या वहिनी माहेरच्या कोल्हापूरच्या. त्यांना याचं नवल वाटतं. "आमच्याकडं मालक कुठला हो? पाटाकडील म्हणा, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा म्हणा, तालीम पेठेची, संघ तालमीचा. हरला तर जाब विचारायला गल्लीतनंच जायचं." तिथेही भांडणं आहेत, पैशाची ओढाताण आहे. पण संघ बंद करायचा निर्णय पेठेबाहेरचं कोणी घेत नाही.

परदेशातही हा प्रश्न सुटलेला आहे असं नाही. पण तिथे काही ठिकाणी चाहत्यांनी वाट काढली. बार्सिलोनाचा अध्यक्ष सभासद निवडतात. जर्मनीत साधारणपणे क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांकडे असावी लागतात. २००५ला मँचेस्टर युनायटेड ग्लेझर कुटुंबानं घेतल्यावर नाराज चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. त्याचा नियम आपल्याला ओळखीचा आहे : एक सभासद, एक मत. घर मोठं असो की छोटं, सहकारी सोसायटीत मत एकच, तसंच.

आपण पंचवीस वर्षं हा नियम लिफ्टपासून पार्किंगपर्यंत वापरला. कधी रागानं, कधी कंटाळून, पण वापरला. म्हणून आपली इमारत कोणाला परस्पर बंद करता आली नाही. मुंबईच्या फुटबॉल चाहत्याला हे मत कधीच मिळालं नाही. त्यानं तिकीट काढलं, जर्सी घेतली, घसा बसवला. दोन क्लब त्याच्या डोळ्यांदेखत गेले आणि त्याला कोणी विचारलं नाही.

मग कट्ट्यावरचा वाद वाया गेला का? मला तसं वाटत नाही. महिंद्र युनायटेडचं कार्यालय आज नाही, मुंबई एफसीचंही नाही. २००५-०६ला याकुबू कुठे उभा राहायचा, जमीलचा बचाव कसा होता, हे कुठे शिल्लक असेल तर अशा कट्ट्यांवर आहे. भांडल्याशिवाय माणूस हे लक्षात ठेवत नाही. क्लब गेला तरी चाहत्यांनी सांभाळलेली आठवण राहते, आणि उद्या मुंबईत सभासदांचा क्लब उभा करायची कोणाला बुद्धी झाली, तर सुरुवात तिच्यापासूनच करावी लागेल.

तोवर कट्टा चालू आहे. रोज रात्री साडेनऊनंतर, पाऊस नसेल तर. तिन्ही पक्षांत जागा रिकाम्या आहेत, आणि इथे मत द्यायला शेअर सर्टिफिकेट लागत नाही.