सुताला धरणारी प्रथिने : कापूस, बुरशी आणि पावसाळा

पावसाळ्यात कपाटात घडी करून ठेवलेल्या सुती साडीवर काळे ठिपके उमटतात, कुबट वास येऊ लागतो आणि पुढे घडीच्या रेषेवरच कापड विरते. शेजारची सुरतेची पॉलिएस्टर साडी मात्र शाबूत असते. या फरकाच्या मुळाशी कर्बोदकांना धरून ठेवणारी अतिशय लहान प्रथिने आहेत.

तंतू म्हणजे एकच पेशी

कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या आवरणावर वाढलेली एकच पेशी असते. तिची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी, तर लांबी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. फूल उमलल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे ही पेशी झपाट्याने लांब होते. त्या काळात वनस्पतीचीच ‘एक्स्पान्सिन’ प्रथिने पेशीभित्तिकेतील शर्करासाखळ्या न तोडता त्यांची परस्परांवरील पकड सैल करतात. ही प्रथिने १९९२ मध्ये काकडीच्या कोवळ्या रोपांत प्रथम ओळखली गेली. नंतर भित्तिकेच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढतात. पक्व तंतूत सेल्युलोजचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते.

तंतूची लांबी आणि बळकटी अशी या एका भित्तिकेत ठरते. कापूस संशोधनाचा मोठा भाग याच दोन गुणांभोवती फिरतो. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेले आणि १९७० मध्ये प्रसारित झालेले ‘हायब्रिड-४’ हे व्यापारी लागवडीखाली आलेले जगातील पहिले संकरित कापूस वाण होय.

धरणारा हात, कापणारी कात्री

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब, सरळ साखळी. अशा अनेक साखळ्या एकमेकींना बिलगून घट्ट जुडी तयार होते. ती पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे पाण्यातून वाहत आलेल्या विकराला, म्हणजेच एन्झाइमला, तिच्यावर टिकून राहणे कठीण जाते.

बुरशीच्या अनेक सेल्युलेज विकरांची रचना म्हणूनच दुहेरी असते. एक भाग साखळी कापतो, दुसरा केवळ तिला धरतो. दोहोंमध्ये लवचीक दुवा असतो. ‘ट्रायकोडर्मा रीसेई’ या बुरशीच्या प्रमुख विकरातील धरणारा भाग अवघ्या ३६ अमिनो आम्लांचा आहे. त्याची एक बाजू सपाट असून तिच्यावरील टायरोसिनची तीन वलये सेल्युलोजमधील ग्लुकोजच्या वलयांवर नेमकी टेकतात. ही पकड कायमची नसते. प्रथिन सुटते आणि पुन्हा धरते. १९८६ मध्ये संशोधकांनी हे दोन भाग वेगळे केले. तेव्हा कापणारा भाग विरघळलेल्या लहान साखळ्या पूर्वीसारख्याच तोडत राहिला, पण घट्ट सेल्युलोजवरील त्याचा प्रभाव खूपच घटला.

अशा सर्वच बंधक भागांची घडण सपाट नसते. काहींना सुट्या साखळीसाठी खाच असते, तर काहींना साखळीचे टोक धरण्यासाठी खळगा.

तंबूवरून गिरणीत

या बुरशीचा मूळ नमुना दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर, अमेरिकी सैन्याच्या कुजणाऱ्या सुती कापडावर सापडला. एल्विन रीस या संशोधकाच्या नावावरून तिचे नामकरण झाले. सैन्याची डोकेदुखी ठरलेली हीच विकरे आज वस्त्रोद्योगाच्या कामी येतात. सुती कापडाच्या पृष्ठभागावर उभे राहिलेले बारीक धागे सेल्युलेजने कापले की कापड गुळगुळीत होते आणि त्यावर गोळे धरत नाहीत. या प्रक्रियेला ‘बायो-पॉलिशिंग’ म्हणतात. कपडे धुण्याच्या काही पावडरींतही हे विकर असते.

येथे वेळेला महत्त्व आहे. प्रक्रिया लांबली तर विकर वरच्या धाग्यांवर न थांबता मूळ सूतही खाऊ लागते आणि कापडाची बळकटी घटते. म्हणून काम होताच तापमान वाढवून विकर निष्क्रिय केले जाते.

घरातील सूत

कपाटातील बुरशीला थांबवणारे कोणी नसते. सेल्युलोजची साखळी तोडताना पाण्याचा रेणू खर्ची पडतो. शिवाय ओलावा नसेल तर बुरशी वाढतच नाही. पॉलिएस्टरमध्ये शर्करासाखळ्या नसल्याने सेल्युलेजला तेथे कापण्याजोगे काही सापडत नाही. त्यावरील मळ वा खळ यांवर मात्र बुरशी धरू शकते.

खळ हा पिष्टमय पदार्थ असून बुरशीला सेल्युलोजपेक्षा सहज पचतो. म्हणून कुणबी साडी असो वा साधे धोतर, पावसाळ्यापूर्वी खळ पूर्ण धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून मगच ते कपाटात ठेवावे. घडीही अधूनमधून बदलावी. काळा ठिपका दिसला तर कापड लगेच धुऊन वाळवावे. डाग कदाचित राहील, पण सूत वाचेल.