फणेरपेटी, अफगाण स्नो आणि जुनी इंदूर



होळकरशाही, वाडे, नाटक मंडळ्या, सराफ्यातली खाणी, यांवर आपल्यापैकी पुष्कळांनी लिहिलंय. आज जरा वेगळा विषय घेतो. आपल्या घरातली माणसं तोंडाला काय लावत होती, कशाने लावत होती, आणि मुख्य म्हणजे कोणाला लावायची परवानगी होती. आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासलेल्या माणसाने स्नो-पावडरवर लिहावं का, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. माझ्याकडे या विषयातला एक लेखी पुरावा आहे, तो पुढे सांगतो.

आधी फणेरपेटी. नव्या पिढीला शब्दसुद्धा माहीत नसेल. लाकडाची छोटी पेटी, झाकणाच्या आत आरसा बसवलेला. झाकण उघडून तिरकं उभं केलं की आरसा तोंडासमोर यायचा. आत कप्पे. एकात फणी, दोन्ही बाजूंना बारीक दातांची. एकात कुंकवाचा करंडा, एकात मेणाची डबी, एकात काजळाची. मेण म्हणजे मधमाशीचं, थोडं खोबरेल घालून मऊ केलेलं. बोटाने कपाळावर मेणाचं गोल टेकवायचं, त्यावर कोरडं कुंकू दाबायचं, आणि बाहेर सांडलेलं फडक्याने हलकेच पुसायचं. मेणामुळे कुंकू दिवसभर टिकायचं, आणि भुकटी थेट कातडीला न लागता वर बसायची. माझी आई हे काम अर्ध्या मिनिटात करायची, आरशात न बघतासुद्धा.

कुंकू तेव्हा हळदीचं. हळकुंडं टाकणखार आणि लिंबाच्या रसात मुरवून वाळवायची आणि कुटायची. क्षाराने हळद लाल होते, यात जादू काही नाही, साधं रसायनशास्त्र आहे. पुढे रंग घातलेलं स्वस्त कुंकू आलं आणि बायकांच्या कपाळाला खाज सुटू लागली. तेव्हा पंढरपूरला कोणी निघालं की आजी बजावायची, "येताना कुंकू आण बरं का, इथलं नको."

बाकी सामान मारोठिया बाजारातल्या पंसाऱ्याकडून. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा, गव्हला कचोरा, मुलतानी माती. दिवाळीच्या आधी आई यादी द्यायची आणि आम्ही पोरं चंद्रभागेच्या बाजूने चालत जायचो. हे सगळं खलबत्त्यात कुटून, वस्त्रगाळ करून उटणं व्हायचं. एरवी रोजच्याला मसुराचं पीठ आणि साय. आणि माळव्याची थंडी पडली की कोकमाचं तेल. आमचे मूळ कोकणातले, तिकडून कोणी ना कोणी ते घट्ट पांढरट गोळे पाठवायचं. निखाऱ्यावर पळीत वितळवून फुटलेल्या टाचांना आणि ओठांना. वास काही बरा नसायचा, पण गुण यायचा.

पुरुषांचं म्हणाल तर तुरटी. न्हावी दाढी करून झाली की तुरटीचा खडा फिरवायचा, त्याने रक्त थांबायचं आणि तोंड आवळल्यासारखं व्हायचं. माझ्या वडिलांचं सौंदर्यप्रसाधन शेवटपर्यंत एवढंच.

यात स्नो कुठून आला? व्हॅनिशिंग क्रीम हा प्रकार मूळचा विलायती. बरोज वेलकम कंपनीची हेझलीन स्नो १८९२ सालची. पण आपल्याकडे घराघरात गेली ती अफगाण स्नो, १९१९ साली मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी काढलेली. हे पाटणवाला मूळचे झालरापाटणचे, म्हणजे माळव्याच्या अगदी शिवेवरचे. म्हणून मला त्या बाटलीबद्दल उगाच आपलेपणा वाटतो. अफगाणिस्तानच्या बादशहाने बाटली उघडून बघितली आणि आपल्या देशातल्या बर्फाची आठवण झाली म्हणाला, त्यावरून नाव पडलं अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे.

ही क्रीम काम कशी करते ते सांगतो, कारण पुढच्या भागाशी त्याचा संबंध आहे. स्टिअरिक ॲसिड नावाचा मेणासारखा पदार्थ, त्यातला थोडा क्षार घालून साबणासारखा केलेला, आणि बाकी बहुतेक पाणी. चोळली की पाणी उडून जातं आणि कातडीवर न दिसणारा पातळ थर राहतो. कोल्ड क्रीममध्ये तेल जास्त, म्हणून तोंड चमकतं. स्नोने चमकत नाही. लावलीय हे कळत नाही. व्हॅनिशिंग म्हणजे नाहीशी होणारी.

आता आत्या. वडिलांची मोठी बहीण. चौदाव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं, आणि मग कायमची माहेरी, जुन्या इंदुरातल्या आमच्या घरात. मी बघितली तेव्हा चाळिशी उलटलेली होती. केस होते, त्या बाबतीत आजोबा सुधारक. पण कुंकू नाही, फूल नाही, रंगीत लुगडं नाही. आणि फणेरपेटी नाही. लग्नात मिळालेली तिची स्वतःची पेटी होती, ती माझ्या आईला दिली गेली. घरात भिंतीला आरसा होता, पण आत्याला त्यासमोर उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. कोणी तसा नियम बोलून दाखवला नव्हता. तिला ठाऊक होतं, इतरांनाही.

सकाळी चुलीपाशी, दुपारी धुणं, डिसेंबरात तिचे गाल अक्षरशः चिरायचे. नऊ-दहा वर्षांचा असेन. एकदा तिने लुगड्याच्या ओच्यातून सुटे पैसे काढून माझ्या हातात दिले. म्हणाली, "राजवाड्याकडे जातोस ना, अफगाण स्नोची लहान बाटली आण. कोणी विचारलं तर तुझ्या आईसाठी म्हण." आणली. आईने विचारलंच, मी सांगितलं तसं सांगितलं. आई एकदा माझ्याकडे आणि एकदा आत्याच्या खोलीकडे बघून "बरं" म्हणाली.

आत्या रात्री दिवा मालवल्यावर लावायची. सकाळी चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, गाल तेवढे शांत असायचे. कुंकू जगाला दिसतं, स्नो दिसत नाही. ज्या बाईला काही लावायची परवानगी नाही, तिला चालण्यासारखी ती एकच वस्तू त्या काळात बाजारात होती, आणि बनवणाऱ्याच्या हे मनातसुद्धा आलं नसेल.

पण वास लपत नाही. एक दिवस माजघरात आजी म्हणाली, "आज घरात गुलाब कुठून फुलला?" आत्याची मान खाली. आम्ही मुलं गप्प. आजीही पुढे काही बोलली नाही, भाजी निवडत राहिली.

आता तो लेखी पुरावा. वडिलांची घरखर्चाची वही माझ्याकडे आहे. डिसेंबर १९६१ च्या पानावर, तांदूळ, गूळ, रॉकेल यांच्या खाली, वडिलांच्या अक्षरात लिहिलंय: "स्नो, नग १, अक्कांस." वडील आत्याला अक्का म्हणायचे. त्यानंतर प्रत्येक थंडीत ती नोंद आहे, १९७४ पर्यंत, म्हणजे ती गेली तोपर्यंत. आजीने वडिलांना सांगितलं की आईने, ते विचारायला आता कोणी उरलं नाही. कुंकवाचा विषय मात्र घरात कधीच निघाला नाही. स्नोपर्यंत मजल गेली, पुढे नाही.

मोठा झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आपल्या इंदूरचा सर्वांत पूज्य चेहरा कोणाचा? अहिल्याबाईंचा. १७५४ साली कुम्हेरच्या वेढ्यात खंडेराव गेले, १७६७ ते १७९५ बाईंनी राज्य केलं. त्यांचं चित्र घराघरात असतं: पांढरं लुगडं, हातात शिवलिंग, कपाळी कुंकू नाही. आमच्या घरीही होतं, आत्याच्या खोलीतच. त्या चेहऱ्याला आपण रोज नमस्कार करायचो, आणि तशाच कपाळाची घरातली बाई हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या खोलीत बसायची. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. पेपरात वाचलं तेव्हा वाटलं, केवढा उशीर. मग वाटलं, शहरातल्या आपण शिकलेल्यांनी तर ठरावही केला नव्हता.

त्याच इंदुरात दुसरं टोकही होतं. यशवंतराव होळकर दुसरे आणि संयोगिताराजे, मूळच्या कागलच्या. पॅरिसमध्ये मॅन रे याने त्यांचे फोटो काढले, बुते द मॉन्व्हेल याने चित्रं रंगवली. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस याच्याकडून त्यांनी माणिकबाग बांधून घेतला, काम १९३० च्या सुमारास सुरू झालं. त्या काळातलं युरोपातलं सर्वांत आधुनिक फर्निचर आमच्या जुन्या इंदूरपासून हाकेच्या अंतरावर येऊन पडलं होतं, आणि इकडे आत्याकडे आरसा नव्हता. संयोगिताराजे १९३७ मध्येच गेल्या. फर्निचर १९८० साली मॉन्टे कार्लोला लिलावात विकलं गेलं. आणि माणिकबागेत पुढे कोण आलं? केंद्रीय अबकारी खातं! मला याची गंमत वाटते, कारण स्नो-पावडरवर चैनीची वस्तू म्हणून जबर कर लावणारं खातं तेच.

या कराची एक मोठी कहाणी आपल्या पेंढारकरांच्या विकोची. केशव विष्णू पेंढारकरांनी १९५२ साली दंतमंजनापासून सुरुवात केली. सत्तरीच्या दशकात हळदीची क्रीम आली. अबकारी खातं म्हणे हे सौंदर्यप्रसाधन, कर जास्त. कंपनी म्हणे हे आयुर्वेदिक औषध, कर कमी. वाद वर्षानुवर्षं चालून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. आम्हा कॉमर्सवाल्यांना वर्गीकरणाचा हा खटला म्हणजे मेजवानी. पण बघा, आमच्या घरातही तोच खटला चालू होता. आत्याची स्नो औषध की शृंगार? वडिलांनी वहीत ती किराण्यात टाकली, प्रश्न मिटला.

लॅक्मेही १९५२ चीच. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जातं म्हणून टाटांनी देशी कंपनी काढावी असं नेहरूंनी सुचवलं, असं सांगतात. नाव फ्रेंच ऑपेराचं, मुळात आपली लक्ष्मीच. १९६१ पासून सिमोन टाटांनी ती वाढवली. आमच्या घरी लिपस्टिक आली ती माझ्या बहिणीच्या लग्नात, तीसुद्धा "फोटोपुरती".

१९७५ साली फेअर अँड लव्हली आली आणि स्थळं बघण्याच्या बाजारात धुमाकूळ झाला. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण राग येतो. माझ्या सावळ्या बहिणीला तीन ठिकाणहून नकार आला, ती बी.एस्सी. प्रथम श्रेणी होती. २०२० मध्ये कंपनीने नावातलं फेअर काढून ग्लो केलं. बरं केलं.

मेणाची डबी कधी गेली ते कळलंच नाही. आधी बाटलीतलं ओलं कुंकू आलं, मग चिकटवायच्या टिकल्या. सोय मोठी. पण त्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असलं तर काही बायकांच्या कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. आमच्या सौ.ला पडला. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं, टिकली बंद. तेव्हा तिने माळ्यावरून ती फणेरपेटी काढली, तीच, मूळची आत्याची, आणि पुन्हा मेण-कुंकू सुरू केलं.

आता नात पुण्याहून सुट्टीत येते ती एक झिपाची पिशवी घेऊन. जेडचा रोलर, गुआ शा नावाची घासायची चपटी दगडी पट्टी, तोंड धुवायचा थरथरणारा ब्रश, लाल दिव्यांचा मुखवटा. मागच्या मे महिन्यात तिने सगळं माझ्यावर करून बघितलं. माझं मत विचाराल तर: फ्रीजमधला रोलर उन्हाळ्यात झकास. डोळ्यांखालची सूज तासभर कमी दिसते, सुरकुत्या होत्या तिथेच आहेत. पट्टी तेल न लावता फिरवली तर सोलवटतं. लाल प्रकाशाचा उपयोग त्वचेचे डॉक्टर करतात हे खरं, पण घरगुती मुखवट्याची ताकद कमी असते. दहा मिनिटं डोळे मिटून पडायला मिळालं हाच मला फायदा. आणि एक बारीक सुयांचा रोलर होता, तो मी लावू दिला नाही. सुयांची वस्तू डॉक्टरांच्या हातात बरी, आणि दोघांनी एक तर मुळीच वापरू नये.

नातीला आत्याची गोष्ट सांगितली. तिने वहीतलं ते पान मोबाइलवर टिपून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, त्या आरशात बघायच्या नाहीत, मग स्वतःचा चेहरा त्यांना माहीत होता का?" मला उत्तर देता आलं नाही. आत्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

पेटी अजून शाबूत आहे, आरसा कडेने काळा पडलाय. मेणाच्या मूळ डबीचं झाकण तेवढं हरवलंय. जुन्या इंदुरातल्या किंवा रामबाग-नारायणबागेतल्या कोणाकडे पितळी झाकणाची अशी डबी असेल तर फोटो जरूर टाका. कसेऱ्याला दाखवून तशीच करून घ्यायची आहे.