बुरूज हरवलेला रणगाडा

रणगाडा विकत घेऊन घरी आणला, असे कुणी सांगितले तर आपल्याकडे लोक त्याच्याकडे संशयानेच पाहतील. आपल्याला रणगाडा दिसतो तो प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, नाहीतर एखाद्या शहराच्या चौकात, चौथऱ्यावर. पण ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत सैन्यातून निवृत्त झालेले रणगाडे खासगी माणसे विकत घेतात, वर्षानुवर्षे खपून दुरुस्त करतात आणि सुटीच्या दिवशी मैदानात चालवून दाखवतात. त्यातही सामान्य हौशी माणसाला परवडतो तो हलका रणगाडा. पन्नास-साठ टनांचे धूड ठेवायचे कुठे आणि हलवायचे कसे? बारा-तेरा टनांचा हलका रणगाडा मात्र मोठ्या ट्रेलरवर चढतो आणि शेतातल्या शेडमध्ये मावतो.

हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असे म्हणून विषय सोडून देता येईल. पण त्यात इतिहासाचा एक खरा प्रश्न दडलेला आहे. एकाच यंत्राने तीन-चार आयुष्ये काढली असतील, तर दुरुस्त करताना त्यातले कोणते आयुष्य परत आणायचे?

आधी या यंत्राच्या जन्माकडे पाहू. रणगाडा हा आपला शब्द मोठा बोलका आहे. बैलगाडा, हातगाडा, तसा रणातला गाडा. इंग्रजीतला ‘टँक’ हा शब्द मात्र मुद्दाम दिशाभूल करण्यासाठी निवडला गेला. १९१५ साली इंग्लंडमध्ये हे यंत्र गुप्तपणे बनत होते, तेव्हा कुणी विचारले तर ही पाण्याची टाकी आहे असे सांगायचे ठरले. गंमत अशी, की पाणी साठवण्याच्या अर्थाने इंग्रजीत रुळलेल्या या ‘टँक’ शब्दाचे मूळ शोधताना कोशकार गुजराती आणि मराठीतल्या ‘टाके’ या शब्दापर्यंत येतात. पोर्तुगीज ‘टांक’चाही त्यावर हक्क सांगितला जातो. आपल्या किल्ल्यांवरची पाण्याची टाकी आणि युरोपातली लोखंडी टाकी यांचे असे दूरचे नाते असण्याची शक्यता आहे.

त्याहून जवळचे नाते शेतीशी आहे. पहिला रणगाडा जिथे घडला तो लिंकन गावातला विल्यम फॉस्टर कंपनीचा कारखाना मळणीयंत्रे आणि शेतीची अवजारे बनवणारा होता. साखळीपट्ट्यावर चालणारे वाहन युरोपच्या सेनापतींना ठाऊक झाले ते ट्रॅक्टरमुळे. कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली मऊ, भुसभुशीत जमिनीत चाके रुततात म्हणून ट्रॅक्टरला चाकांऐवजी पट्टे लावून पाहिले होते. पुढे पहिल्या महायुद्धात होल्टचे ट्रॅक्टर तोफा ओढू लागले आणि त्यांच्याकडे पाहून काहींच्या डोक्यात रणगाड्याची कल्पना आली. म्हणजे रणगाडा जन्माला आला तो शेतकऱ्याच्या घरी. नंतर तो सैन्यात भरती झाला.

आता दुसऱ्या महायुद्धातल्या एका हलक्या रणगाड्याची गोष्ट. त्याचे नाव स्टुअर्ट. १९४१ पासून अमेरिकेत तो मोठ्या संख्येने बनू लागला आणि सगळे प्रकार धरून २२ हजारांहून अधिक तयार झाले. सुरुवातीचे स्टुअर्ट बनवणारी मुख्य कंपनी रेल्वेचे डबे तयार करणारी होती. अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या घोडदळाचा सेनापती जे. ई. बी. स्टुअर्ट याचे नाव त्याला इंग्रजांनी दिले. पण चालवणारे सैनिक त्याला लाडाने ‘हनी’ म्हणत, कारण तो वेगाने पळे आणि सहसा बंद पडत नसे. त्याची तोफ मात्र फक्त ३७ मिलिमीटरची, आणि चिलखत पातळ. समोर मोठा शत्रू आला की पळणे हाच त्याचा बचाव.

त्याचे इंजिन विमानाचे होते. मध्याभोवती ताऱ्यासारखी गोल मांडलेली सात सिलिंडरे, आणि त्याच घराण्यातले इंजिन अमेरिकेच्या स्टीअरमन या शिकाऊ विमानात बसवलेले. अशा इंजिनाची एक खोड असते. ते काही वेळ उभे राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल साचते. तसेच सुरू केले तर आतला दांडा वाकतो. म्हणून आधी हँडल घालून ते हाताने पुष्कळ वेळा फिरवावे लागते. ज्यांनी जुन्या ट्रकला हँडल मारलेले आहे, त्यांना हा घाम लगेच कळेल.

स्टुअर्ट जगभर लढला. १८ डिसेंबर १९४२ रोजी न्यू गिनीतल्या बुना इथे ऑस्ट्रेलियन सैन्याने तो नारळाच्या बागांत उतरवला. नारळाच्या ओंडक्यांनी बांधलेले जपानी खंदक, चिखल आणि बुंध्यांचे खुंट यांतून वाट काढत तो पायदळाबरोबर चालला. त्या आधी काही महिने, ब्रह्मदेशातून माघार घेताना, ब्रिटिश चिलखती ब्रिगेडचे स्टुअर्ट चिंदविन नदीपर्यंत आले आणि तिथेच अडकले. नदी ओलांडायची सोय नव्हती. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सैनिकांनीच ते निकामी केले. एक रणगाडा तेवढा पलीकडे पोचला. त्याचे नाव होते ‘कर्स ऑफ स्कॉटलंड’, म्हणजे पत्त्यांतली चौकटची नव्वी. इंग्रजीत त्या पानाला हे अपशकुनी नाव आहे. हा अपशकुनी रणगाडाच वाचला! पुढे त्याचा वरचा फिरता बुरूज, ज्याला लष्करात टरेट म्हणतात, तो काढून टाकण्यात आला आणि आपल्या ‘सेव्हन्थ लाइट कॅव्हलरी’ या रेजिमेंटच्या प्रमुखाची गाडी म्हणून तो पुन्हा ब्रह्मदेशात गेला.

याच रेजिमेंटच्या स्टुअर्टनी स्वतंत्र भारताच्या इतिहासात एक पान लिहिले. १९४८ साली काश्मीरच्या लढाईत झोजी ला ही खिंड शत्रूच्या ताब्यात होती. सप्टेंबरमधला पायदळाचा हल्ला यशस्वी झाला नव्हता. साडेअकरा हजार फुटांच्या आसपासची उंची, वर हिवाळा तोंडावर. जनरल थिमय्यांनी तिथे रणगाडे न्यायचे ठरवले. वाटेतले पूल एवढे वजन पेलणारे नव्हते आणि बातमीही फुटू द्यायची नव्हती. म्हणून रणगाड्यांचे बुरूज उतरवून वेगळे नेण्यात आले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांच्या वाटेचा गाडीरस्ता केला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग ‘स्पॅरो’ यांच्या नेतृत्वाखाली स्टुअर्ट खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. खिंड हाती आली आणि लेहकडे जाणारा मार्ग मोकळा होऊ लागला.

युद्ध संपले की शस्त्राचे काय करायचे, हा जुना प्रश्न आहे. बरेच रणगाडे भट्टीत गेले. ऑस्ट्रेलियात सरकारने उरलेला लष्करी माल विक्रीला काढला, तेव्हा शेतकऱ्यांनी स्टुअर्ट विकत घेतले. ट्रॅक्टरची टंचाई होती, आणि इथे भक्कम पट्ट्यांचे, दणकट इंजिनाचे यंत्र मिळत होते. शेतकऱ्याला तोफ नको होती, बुरूजही नको होता. तो कापून किंवा उचलून शेताच्या कडेला टाकून दिला गेला. उरलेल्या धडाला साखळदंड जोडून झाडेझुडपे उपटण्याचे, जमीन मोकळी करण्याचे काम सुरू झाले. जे यंत्र शेतीतून निघून युद्धात गेले होते, ते पुन्हा शेतात आले. नारळाच्या बागेत माणसे मारणारा गाडा गव्हासाठी रान साफ करू लागला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मग ट्रॅक्टर स्वस्त झाले आणि हे धडही कुंपणापाशी गंजत पडले. पुढच्या पिढीतल्या हौशी माणसांनी ते शोधून काढले. धड एका गावात, बुरूज दुसऱ्या गावात, इंजिन तिसरीकडे. ते गोळा करायचे, भंगारवाल्याकडे फेऱ्या घालायच्या, जुन्या लष्करी पुस्तिका मिळवायच्या. गंजून जाम झालेला बोल्ट कधी तापवून, कधी तेलात मुरवून, आठवडाभर मिनतवाऱ्या करून सोडवायचा. पट्ट्यातले रबर वाळून चिरलेले असते, ते नवे ओतून घ्यायचे. इंजिन विमानाच्या घराण्यातले असल्यामुळे त्याचे काही भाग जुन्या विमानांच्या बाजारात मिळतात, हे नशीब. बाकीचे लेथवर घडवावे लागतात. आपल्याकडच्या गॅरेजातल्या एखाद्या उस्तादाला तिथे नेऊन उभे केले, तर भाषा न येताही तो दहा मिनिटांत कामाला लागेल.

कायद्याचे कुंपणही असते. ब्रिटनमध्ये तोफ कायमची निकामी करून तसा दाखला घ्यावा लागतो, आणि पट्ट्यावरचे वाहन रस्त्यावर चालवायचे तर वेगळ्या गटाचा परवाना लागतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर चालू स्थितीतली तोफ ही विध्वंसक शस्त्र म्हणून नोंदवावी लागते. रणगाडा बाळगता येतो, पण त्याचा दात काढून.

या हौशी लोकांतले एक मोठे नाव म्हणजे कॅलिफोर्नियातले जॅक लिटलफील्ड. त्यांनी आपल्या जागेत दीडशेहून अधिक लष्करी वाहने जमवली आणि स्वतःची कार्यशाळा उभी केली. पोलंडमधल्या एका नदीच्या तळातून निघालेला जर्मन पँथर रणगाडा त्यांच्या कार्यशाळेने अनेक वर्षे खपून उभा केला. २००९ साली ते वारले. २०१४ साली त्यांच्या संग्रहातल्या बऱ्याच वाहनांचा लिलाव झाला, आणि काही निवडक वाहनांसाठी मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१९ साली नवे संग्रहालय उघडले. म्हणजे खासगी हौसेलाही शेवटी सार्वजनिक घर लागते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ऑस्ट्रेलियातल्या शेतातून आणलेला स्टुअर्ट समोर आहे. त्याला १९४२ चा रंग द्यायचा, बुरूज चढवायचा, खोटी का होईना तोफ बसवायची, हे सगळ्यांना आवडते. मैदानात टाळ्या त्यालाच पडतात. पण मग शेतकऱ्याने साखळदंड अडकवायला मागे जोडलेल्या आकड्याचे काय? तो कापून टाकला की दहा-वीस वर्षांची शेती पुसली जाते, आणि उरते ते फक्त युद्ध. रंगाचे थर खरवडताना खाली जुना लष्करी क्रमांक सापडतो तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला आनंद होतो. त्याच्या वरचा थर शेतकऱ्याने लावलेला असेल, तर तोही इतिहासच आहे. चिलखतावर गोळीचा खड्डा असेल तर तो भरून गुळगुळीत करायचा का? तिथे आत चार माणसे बसलेली होती.

जुन्या पोथीचे संपादन करणारे लोक या बाबतीत शहाणे असतात. ते एक पाठ वर छापतात आणि बाकीचे पाठभेद तळाला देतात. नंतरच्या कुणा लेखनिकाने घातलेली ओळसुद्धा ते फेकून देत नाहीत. ती कुठून आली एवढे नोंदवतात. लोखंडाच्या पोथीलाही हाच नियम लावायला हरकत नाही. शेतकऱ्याचा आकडा काढावाच लागला तर काढा, पण भंगारात घालू नका. तो शेडच्या भिंतीवर टांगा आणि खाली लिहा, की याने अमुक गावचे रान साफ केले. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, हे वहीत टिपून ठेवा. अशी वही नसेल तर पन्नास वर्षांनी तो रणगाडा नुसतेच एक मोठे खेळणे होईल.

मंडळी, ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही. आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाचे केंद्र आहे आणि १९९४ पासून तिथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रोल्स रॉइसची चिलखती गाडी, चर्चिल, व्हॅलेंटाइन, पकडून आणलेला पॅटन, आपला विजयंता हे सगळे तिथे झाडांच्या सावलीत उभे आहेत. मुलांना घेऊन अवश्य जावे. पण गावोगावच्या चौकांत उभ्या असलेल्या रणगाड्यांचे काय? दर वर्षी त्यांना नवा हिरवा रंग बसतो, आणि फलकावर नाव आणि युद्धाचे साल एवढेच असते. तो कुठल्या रेजिमेंटचा, कुठे लढला, कुणी चालवला, कुठल्या फिटरने रात्र जागून त्याचे इंजिन पुन्हा चालू केले, हे कुठेच लिहिलेले नसते. ते सांगू शकणारी निवृत्त माणसे आपल्याच जिल्ह्यांत राहतात, आणि दर वर्षी कमी होत आहेत. रणगाडा विकत घेणे आपल्याला जमणार नाही. पण त्या माणसांपाशी वही घेऊन बसायला कुठलाही परवाना लागत नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)